मनसारामच्या तोंडाबद्दल लिहून दिलेला कागद

हो गुरुजी, शुद्धीत हाये. पुरी शुद्धीत हाये. सकाळी आंबील पेली, शेळी दोहली, शेजारच्या रुखमाबाईले तिच्या नव्या चोळीवरून दोन टोमणे मारले, अन् आता तुमच्या समोर बसून स्वतःच्या हातानं लिहून राह्यली. याच्याहून जास्त शुद्ध माह्याजवळ तरणेपणीही नोती. कोणाचा धाक नाई, कोणी दारू पाजली नाई, कोणी लालूच दिली नाई. पाय सुजले, छातीत कळ येते, अन् कुरखेड्याच्या वैद्यानं नाडी धरून असं तोंड केलं का मले काय ते समजलं. तोंडं वाचण्यात माह्यी जिंदगी गेली, वैद्याचं तोंड वाचता नाई येत काय?

तं लिहते.

मी भागीरथा, बेवा वारलू पचारे, जात ढिवर, वय साठीच्या आसपास, धंदा मासोळी अन् शिंगाडे, शिक्षण दुसरी पास, राहणार मौजा बोडीटोला, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा, राज्य पयले मध्यप्रदेश होतं, आता मुंबई म्हणतात, मले विचारून कोणी बदललं नाई. असे माह्ये ठिकाण सांगून मी हे मृत्युपत्र लिहून ठेवते, अन् याच्या आधी मी कोणताही असा कागद केलेला नाई.

गुरुजी म्हणतात, मृत्युपत्राले स्टॅम्प लागत नाई, साधा कागद चालते. मी म्हटलं, नाई. गडचिरोलीहून स्टॅम्पच आणा. साध्या कागदावर मी काही लिहलं तं लोक हासतील. सरकारी शिक्का पाहून तरी दम खातील.

अन् वाचण्याबद्दल. होळी झाल्यावर जातीचे पंच पुन्हा बसणार हायेत. माह्या पोराची, मनसारामची, अन् माह्या सुनेची, कुंताची, फारकत कराची का नाई, हे त्या दिवशी ठरणार. हा कागद त्या दिवशी पंचाइपुढं पुरा वाचावा. मी मेली असली तरी वाचावा, अन् जिवंत असली तरी वाचावा. गुरुजी म्हणतात, असं नसते भागीरथाबाई, माणूस गेल्यावर वाचतात. मले मालूम हाये. पण मी उठून तोंडानं सांगतलं तं कोणी खरं मानणार नाई. सारी जिंदगी या गावाले हासवलं मी. मी 'घराले आग लागली' म्हटलं तरी पयले दहा जण हासतील, मंग पाणी आणतील. म्हणून कागद.

कलम एक. घर.

कवेलूचं घर, मांगची सांदवाडी, त्यातलं मोहाचं झाड अन् शेळी, हे सारं माह्या बापाचं. बापाले मी एकटीच. म्हणून घरजवाई आणला. म्हणजे हे घर माह्यं हाये, माह्या घरधन्याचं कधी नोतं, अन् पोराचंही आपोआप होत नाई. हे घर मी माह्यी सून कुंता इले देते. फारकत झाली तरी तिचं, नाई झाली तरी तिचं. मनसारामनं त्यात राहावं, पण कुंता राहू देईन तवरच.

मनसाराम, बाप्पा, आता हे आयकून तू तोंड कसं करशीन, मले न पाहता दिसून राह्यलं. थांब. रागाऊ नको. काऊन दिलं ते खाली लिहलं हाये.

कलम दोन. डोंगा, जाळे, बांबू.

हे मनसारामले. त्याच्या बापाच्या हातचं हाये. पण एक अट हाये, अन् अट समजाची तं मले माह्या संसाराचं थोडं सांगावं लागते. गुरुजी म्हणतात, मृत्युपत्रात संसार लिहत नाई. मंग काय लिहतात? उरलं काय असते दुसरं?

मरळ मासा आवाजाले भेते. डोंग्यात पुढं बसते त्याच्या दोन्ही हातात जाळं, मांगं बसते त्याच्या हातात बांबू. हात गुंतलेले, बोलता येत नाई. मंग राह्यलं तोंड. पुढचा माणूस मांगं वळून तोंडानंच सांगते. डावी भुवई उचलली, डोंगा डावीकडं. ओठ आवळले, थांब. हनुवटी वर केली, ओढ. अन् दोन्ही डोळे मिटले का समजाचं, मासोळी गवसली, आता बिलकुल हालाचं नाई. आमच्यात लगन झाल्यावर पोरगी पयले हे शिकते, सैपाक मंग.

माह्ये घरधनी जाळ्याचे उस्ताद. चार गावात तसा माणूस नोता. पण घरीही तेच. डोंगा तलावाच्या पाळीले लागला तरी त्याइचं तोंड डोंग्यातच राहे. मी विचारलं, कालवण कसं झालं? ओठ आवळले. विचारलं, मंडईच्या जत्रेले जाऊ का? डावी भुवई. मी बोलकी, हासरी, मले वाटे का घरी आल्यावर माणसानं काही बोलावं, भांडावं, नाई तं एक शिवी तरी द्यावी. चार शब्द मिळाले तं दिवाळी. सासऱ्याच्या घरी राहणारा माणूस दबूनच असते, हे तवा मले समजलं नाई. मी समजली का हा माणूस मले नाक मुरडून राह्यला.

एक डाव मी तोंडावरच विचारलं. मनसाराम तवा पोटात होता.

"मी तुमाले पसंत हाये का नाई, ते एक डाव सांगून टाका ना बापा."

त्याइनं माह्याकडं पाह्यलं अन् दोन्ही डोळे मिटले.

मी रडली. मले वाटलं, याले माह्याकडं पाहाचंही नाई. डोंग्यात मी तेच तोंड रोज वाचत होती, रोज बांबू रोखून दम धरत होती. घरी मले डोंगा आठवला नाई. आठवला तवा ते जाऊन दोन वर्सं झाली होती, अन् मी एकटी शिंगाड्याचे वेल सोडवत पाण्यात उभी होती.

पण रडून मी थांबणारी नाई. मी बदला घेतला. धानाच्या रोवण्याले बांधीत बाया वाकून वाकून थकल्या का म्हणत, "भागीरथाबाई, वारलूभाऊचं तोंड दाखवा वो!" अन् मी दाखवे. भुवई कशी, ओठ कसे, जेवताना कसे, बायकोजवळ येताना कसे. भुवई उचलून म्हणे, "बाई, डावीकडं सरक." बाया चिखलात बसून हासत. मी ते तोंड त्याइच्याहून चांगलं करत होती. मार्कंड्याच्या जत्रेतून एक आरसा आणला होता, त्यात पाहून पाहून बसवलं होतं.

एका रोवण्याले मी असंच करून राह्यली, अन् बाया एकदम वाकून रोवू लागल्या. मांगं वळून पाह्यलं तं धुऱ्यावर ते. डोक्शावर धानाच्या रोपाच्या पेंढ्या, पाणी गळून राह्यलं तोंडावरून. माह्यं तोंड अजून त्याइच्या तोंडासारखंच होतं, सरळ कराले वेळ भेटला नाई. एकमेकासमोर दोन सारखे तोंड. त्याइनं पेंढ्या खाली ठेवल्या, एक एक करून सरळ लावल्या, अन् निंघून गेले.

दुसऱ्या दिवशी डोंग्यात बसले ते माह्याकडं पाठ करून. त्या दिवसापासून वळून पाह्यलं नाई. पायानं डोंग्याच्या तळावर ठोकत. एक ठोका डावीकडं, दोन ठोके उजवीकडं. चौदा वर्सं मी त्या माणसाची पाठ वल्हवली. भांडण नाई, मार नाई, गावाले काही दिसलं नाई. लोक म्हणत, कसं गुपचूप जोडपं हाये.

ते गेले तवा श्रावणात ताप होता. भिताडाकडं तोंड करून बाजेवर पडले होते. मी भिताड अन् बाजेच्या मधात घुसली, फक्त तोंड पाहाले. तोंड रागाचं नोतं. जसं होतं तसंच होतं. तसंच होतं वो बाई जन्माचं. अन् मी त्यावर गावाले हासवत राह्यली.

तं अट ही, का मनसारामनं या डोंग्यात आपल्या बायकोले पाठ करून कधी बसू नये. बसला तं डोंगा जातीच्या पंचाइनं काढून घ्यावा.

कलम तीन. ज्याच्यासाठी हा कागद हाये ते.

कुंता लगन होऊन आली तवा मी तिले पाह्यलं अन् मनात म्हटलं, चला, जोडीदारीण भेटली. हासरी पोरगी. पयल्याच दिवशी मी तिले विचारलं, "काऊन वो, आमचा मनसाराम कसा वाटला?" ती म्हणे, "आत्याबाई, भुवया चांगल्या हायेत, खालचं अजून नीट पाह्यलं नाई." मी पोट धरून हासली. मनसारामचं तोंड बापाचंच हाये, छापा उचलून ठेवल्यासारखं. पण कुंताले ते वाचता येते. घरीही येते. जे मले चाळीस वर्सात जमलं नाई ते तिले चार महिन्यात.

आता मनसारामचं एक तोंड हाये जे बापाचं नाई. तीन दिवसाचा होता तवापासूनचं. दूध तोडलं का खालचा ओठ बाहेर काढे, एक डोळा बारीक करे, अन् नाकपुड्या फुगवून असा पाहे का दगडाले पाझर फुटन. मोठा झाल्यावर ते तोंड गावानं पाह्यलं नाई. गडी माणूस, असं तोंड चार जणात करन काय? बायको रुसली तं बायकोजवळ करते. ते त्याचं अन् तिचं होतं.

मागच्या कार्तिकात आमच्या गावची मंडई भरली. रातच्या दंडारीच्या खेळात पत्रूनं सोंग काढलं. पत्रू आमच्या गावचा, दंडारीत हासवण्याचं काम त्याचंच. त्यानं रुसलेल्या बायकोपुढं बसलेला नवरा केला, अन् तेच तोंड काढलं. ओठ, डोळा, नाकपुड्या, बिलकुल तेच. वरून म्हणे, "ओळखा कोण हाये, भुवया पाहून ओळखा!" पाच गावचे लोक ओरडले, "मनसाराम! मनसाराम!" मनसाराम तिथीच बसला होता. माह्या बाजूलेच.

सकाळी त्यानं पत्रूले धरलं. पत्रू म्हणे, "मले कुंताबाईनं दाखवलं." मनसाराम घरी आला, कुंताची पेटी उचलून अंगणात ठेवली. म्हणे, "मले मारलं असतं तं चाललं असतं. घरातलं तोंड गावात नेलं तुवा." अन् तिच्या बापाच्या घरी पाठवून देल्ली.

पुसाच्या महिन्यात पंच बसले. इस्तारीभाऊ पंचाइचे मुख्य. त्याइनं विचारलं, "बोल वो पोरी, तूच दाखवलं काय पत्रूले?"

"नाई," कुंता म्हणे.

"मंग कोणानं दाखवलं? घरात तिसरं कोण हाये?"

सारी पंचाईत माह्याकडं पाहून हासली. त्याइले वाटलं, आता बुढी काही तरी गंमत करन. अन् मी केली. दोन्ही हात गालावर ठेवले, डोळे मोठे केले, अन् देवळातल्या भोळ्या बाईसारखं तोंड केलं. इस्तारीभाऊच्या डोळ्यात हासून पाणी आलं. मनसाराम म्हणे, "माय काऊन करन असं? माय हाये ते." कुंता तेवढी नाई हासली. तिनं माह्याकडं पाह्यलं, सारं समजली, अन् खाली मान घातली. तिले सांगता आलं असतं. शिंगाडे काढताना मी बायाइले ते तोंड करून दाखवलं होतं, तवा ती पाण्यात माह्या बाजूलेच उभी होती. "आत्याबाई, हे नका करू, त्याइले लागन," असंही म्हणाली होती. पण तिनं पंचाइपुढं माह्यं नाव घेतलं नाई. माह्या पांढऱ्या केसाची लाज तिनं राखली, मी राखली नाई.

म्हणून लिहून देते का, मनसारामचं ते तोंड घराबाहेर कुंतानं नेलं नाई. मी नेलं. बायाइत गंमत म्हणून केलं, ते पसरलं. पत्रूनं ते कुठून उचललं मले मालूम नाई, अन् त्यानं कुंताचं नाव काऊन घेतलं ते त्यालेच विचारा. पंचाइनं कुंताले निर्दोष धरावं. फारकत झाली असन तं मोडावी, नसन झाली तं करू नये. मनसारामनं स्वतः तिच्या बापाच्या घरी जावं, पेटी डोक्शावर घेऊन यावी, बैलबंडीत टाकून नाई. अन् ती यीन का नाई हे तिच्या मनावर. नाई आली तं कलम एक प्रमाणे मनसारामनं दुसरं घर पाहावं.

कलम चार. किरकोळ.

माह्यी चांदीची सरी कुंताले. मनसाराम, ती मोडून जाळ्याचं सूत आणू नको.

रुखमाबाई माह्यी शेजारीण. तिनं सात वर्सं झाली माह्यं सूप नेलं, अन् दरसाली म्हणते का ते तिचंच हाये. सुपाच्या मांगं डांबरानं भ लिहला हाये, मी दुसरी शिकली त्याचा तेवढाच फायदा झाला. सूप तिलेच ठेवू द्या. पण मयतीले आली तं तिनं मोठ्यानं रडू नये, तिचं रडतानाचं तोंड पाहून लोक हासतील अन् बोल माह्यावर यीन.

मार्कंड्याचा आरसा पत्रूले. त्यानं दुसऱ्याचे तोंडं ढीगभर केले, आता जरा आपलं पाहावं.

तेरवीले जेवणाची मांदी मोठी करू नये. भात अन् मरळीचं कालवण बस झालं. शेळी कुंताजवळच राहीन, ती दुसऱ्या कोणाले दूध देत नाई, लाथ मारते. मनसारामले मारली हाये.

मयत नेताना माह्या तोंडावर कपडा टाकावा. आता बस झालं ते.

हा कागद मी वाचला, मले समजला, मीच लिहला. गुरुजीनं फक्त जोडाक्षरं सांगतली, अन् दोन जागी तेही चुकले.

ठिकाण : मौजा बोडीटोला, गुरुजीच्या घरची ओसरी
तारीख : २० फेब्रुवारी १९५८, गुरुवार

सही : भागीरथा वारलू पचारे

साक्षीदार
एक : दादाजी मोहुर्ले, मास्तर, प्राथमिक शाळा
दोन : सुकलू मेश्राम, शेजारी, निशाणी डावा अंगठा

थांबा गुरुजी, उरलेल्या जागेवर रेघ मारू नका. मले मालूम हाये का मंगून कोणी काही घालू नये म्हणून मारतात. मलेच घालाचं हाये. सुकलूभाऊले म्हणा बसा अजून, अंगठा पुन्हा लागन.

कलम तीनमधे खोटं लिहलं हाये. पत्रूनं ते तोंड कुठून उचललं मले मालूम नाई, असं लिहलं. मालूम हाये.

मंडईच्या आठ दिवस आधी दुपारी मी शेळी घेऊन घरी आली. सांदवाडीत कुंता रुसून बसली होती, अन् मनसाराम तिच्यापुढं उकिडवा बसून ते तोंड करून राह्यला होता. त्याइनं मले पाह्यलं नाई. कुंता हासली. मंग तोही हासला. दोघं एकमेकाच्या तोंडाकडं पाहत राह्यले, किती वेळ, बोलणं नाई काही नाई. मी कुडाच्या आड उभी. माह्याकडं तसं कोणी पाहावं अशी मले लगनाच्या दिवसापासून भूक होती. अन् ते माह्याच घरात होऊन राह्यलं होतं, दुसऱ्याचं.

मी शेळी तशीच सोडली अन् पत्रूच्या घरी गेली. तीन दिवस रोज जाऊन त्याले ते तोंड शिकवलं. भुवया ओळखू येतील अशा काढ, हेही मीच सांगतलं. कोणी विचारलं तं कुंताचं नाव घे, हेही मीच सांगतलं. पत्रूले वाटलं, काकीची गंमत हाये. दंडार घेऊन गावोगाव फिरून आल्यावर तो माह्याजवळ आला, म्हणे, "काकी, आता सांगून टाकू काय? पोरगी माहेरी बसली हाये." मी म्हटलं, थांब.

गंमत नोती. मले तिचा संसार मोडाचा होता.